ग्वाल्हेर शाखेचं पान

बाबा,

आज आत्याकडून परत येताना महाराज बाड्याच्या चौकात माझी रिक्षा अडकली होती. शेजारच्या चपलांच्या दुकानातून एक बाई मुलाला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल लवकर, तुझे बाबा तिकडे ताटकळत उभे आहेत." मराठीत. तुम्ही असता तर रिक्षातून उतरला असता. त्या ताटकळणाऱ्या नवऱ्याला गाठून हात जोडले असते, "नमस्कार, आपण मूळचे कुठले?" आणि मग गाव, कुलदैवत, कोणाचे कोण, असं करत करत त्यांना चहाला घरी आणलं असतं. आई आतून कप मोजत राहिली असती. मी लहानपणी तुमचा सदरा ओढायचे, कारण सगळा बाजार बघत असायचा. आज मी मान वळवून त्या बाईकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्स मांडीवर घट्ट धरली आणि समोर बघत बसले. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुमच्या कुलवृत्तांताबद्दल सांगायचं आहे. तो जाडजूड ग्रंथ अजून घरात आहे, आपल्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांच्या शाखा आणि वंशावळी असलेला. मी पहिली अक्षरं त्यातच ओळखली. दम्यामुळे मला दोन वर्षं शाळेत घातलं नव्हतं, आई सकाळच्या शाळेत शिकवायला जायची आणि तुमचं इंदरगंजचं ऑफिस दहाला उघडायचं, त्यामुळे माझी शाळा स्वयंपाकघरात भरायची. तुम्ही कुकर लावताय, मी पिठाच्या डब्यावर बसलेय, आणि ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर तो ग्रंथ उघडा आहे. बाहेर सगळीकडे हिंदी, म्हणून मराठी वाचायला तुम्हाला हे पुस्तक सापडलं. गोष्टीचं पुस्तक नाही, नुसती नावं. एका नावाखाली रेघ, रेघेखाली तीन नावं, त्यांच्याखाली आणखी रेघा. मी बोट ठेवून वाचत खाली खाली जायचे. एका ठिकाणी रेघ खाली येऊन थांबली होती आणि तिथे लिहिलं होतं, 'उत्तरेकडे गेले. पुढील माहिती उपलब्ध नाही.'

"हे कोण?" मी विचारलं.

"हे आपण," तुम्ही म्हणालात.

"पण आपण तर इथे आहोत."

"आहोत ना. ते त्यांना कळवायचं राहिलं आहे."

तुम्ही हसत होता आणि डाळीत हळद घालत होता, त्याच बोटाने तुम्ही पान उलटलंत, तो डाग अजून आहे. मला मात्र त्या दिवशी फार विचित्र वाटलं. आपण जेवतो, झोपतो, मला औषधाचा वास येतो, आणि पुस्तकात आपली माहिती नाही. आईला संध्याकाळी मी विचारलं होतं म्हणे, की आपण हरवलोय का.

तुम्ही कळवायचा प्रयत्न किती केलात ते मला पुढे समजलं. दफ्तरात लिहायला म्हणून फौजेबरोबर आलेल्या त्या पूर्वजापासून माझ्यापर्यंतची वंशावळ तुम्ही पट्टीने रेघा मारून काढलीत, तो ग्रंथ काढणाऱ्या पुण्याच्या मंडळाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीत, पुन्हा पाठवलीत. एकदा एक छापील कार्ड आलं, की आपलं पत्र पोहोचलं, नवीन आवृत्तीच्या वेळी विचार होईल. ते कार्ड तुम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलंत. कुठल्याही लग्नात पुण्याकडची मंडळी दिसली की तुम्ही नव्या आवृत्तीची चौकशी करायचात. एका लग्नात एक काकू तुमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुमच्या मराठीला हिंदीचा छान वास येतो हो." तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात, पण त्या लग्नात नव्या आवृत्तीची चौकशी केली नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाल्यावर यांना दाखवेन. काय दाखवायचं ते ठरलं नव्हतं.

मी आठवीत असताना तुम्ही दत्तजयंतीच्या प्रसादाहून एका माणसाला घरी जेवायला आणलंत. तो साताऱ्याचा होता, निदान तसं म्हणत होता, आणि स्टेशनवर त्याचं पाकीट मारलं गेलं होतं. मी स्वयंपाकघरात आईला म्हटलं, "हा खोटं बोलतोय. मी विचारलं साताऱ्यात नदी कुठली, तर म्हणतो खूप नद्या आहेत." तुम्ही तुपाचं भांडं न्यायला आत आला होतात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "जेवायला बसलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते," म्हणालात, "पोळी घेऊन जा त्याच्यासाठी, गरम आहे तोवर." मी पोळी वाढली, पण रागाने. त्याला तुम्ही परतीचं भाडं दिलंत. ते त्याने कधी पाठवलं का, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना तुम्ही गेलात, तेव्हा विचारायच्या राहिलेल्या गोष्टींत तीही एक होती.

पुढे नोकरी मला अशी मिळाली की माणसांची परीक्षा घेणं हेच माझं काम झालं. सिटी सेंटरमधल्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं बघते. हल्ली फसवणुकीचे ईमेल येतात, बाबा. बँकेचे, कुरिअरचे, वीज कंपनीचे वाटावेत असे. त्यातल्या लिंकवर बोट लागलं की हुबेहूब खऱ्यासारखं पान उघडतं, आणि माणूस आपल्या हाताने कार्डाचा नंबर, पासवर्ड भरून मोकळा होतो. लोक सावध आहेत का हे बघायला मीच अधूनमधून ऑफिसात असे खोटे मेल पाठवते. जो फसतो त्याला माझ्यासमोर बसून अर्धा तास ऐकून घ्यावं लागतं. म्हणून दिवाळीच्या सुमारास अकाउंट्समधले एक जण मला जिन्यातच गाठतात, "मैडम, सच बताइए, बोनस वाला मेल असली है या आपका?" घरच्या ग्रुपवरही मी असंच करायचे. हे उघडू नका, ते भरू नका, ओटीपी कोणाला सांगू नका. चुलतभाऊ मला 'दरोगा बाई' म्हणतो. आई म्हणायची, "तू रोज घाबरवतेस म्हणून मी फोन उचलणंच बंद केलंय." मी खूष व्हायचे. मला वाटायचं, घर राखलंय मी.

मागच्या पितृपक्षात तुमच्या तिथीला मी एक गोष्ट केली. आपल्या आडनावाच्या लोकांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, देशभरातले लोक त्यात आहेत. तिथे मी तुमच्या हाताने काढलेल्या वंशावळीचा फोटो टाकला आणि लिहिलं की बाबांनी मंडळाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, आमची शाखा पुस्तकात यावी अशी त्यांची फार इच्छा होती, नवी आवृत्ती निघणार असेल तर कोणी कळवेल का. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कळवलं कोणी नाही. थोड्या दिवसांनी ईमेल आला.

विषय होता, 'ग्वाल्हेर शाखा: छपाईपूर्व पान'. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो फोनवर उघडला. 'आपल्या वडिलांनी चिकाटीने केलेला पत्रव्यवहार मंडळाच्या दप्तरी आहे. त्यांच्या हयातीत हे कार्य होऊ शकले नाही, याबद्दल मंडळ आपली क्षमा मागते.' डबा तसाच उघडा राहिला माझा. बाबा, तुम्ही गेल्यापासून मी हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होते, हे मला ते वाचल्यावर कळलं. सोबत पान जोडलं होतं. तीच वंशावळ, पण छापील अक्षरांत. त्या थांबलेल्या रेघेपासून पुढे नवी रेघ निघाली होती, आणि खाली खाली येत आत्याचं नाव होतं, शेजारी तुमचं, आणि तुमच्याखाली माझं.

मी लोकांना शिकवते की मेलमधली भाषा बघा, चोरांची भाषा मोडकी असते. ही भाषा माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. हल्ली मशीनच अशी भाषा लिहून देतं, हेही मला माहीत आहे, स्लाइडवर मीच ते लिहिलेलं आहे. पण त्या दुपारी मला भीती वाटली ती भलतीच. उत्तर लिहायला बसले तर दर ओळीत हिंदी येत होतं. 'माहिती' लिहायच्या जागी 'जानकारी' लिहून गेले होते. मी ते उत्तर तीनदा सुधारलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, घरी जाऊन शब्दकोश काढला. त्यांना असं वाटू नये, की या उत्तरेकडे गेलेल्यांना धड मराठीही येत नाही. माझ्या मेलमध्ये चूक राहू नये म्हणून मी इतकी जपत होते की त्यांचा मेल कुठून आलाय ते मी बघितलंच नाही. पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. ऑफिसात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवलं असतं.

त्यांनी सगळ्या हयात माणसांची माहिती मागितली. पूर्ण नाव, घरातलं नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, लग्नाचं वर्ष, फोन नंबर, फोटो. कुलवृत्तांतात हे सगळं असतंच, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. पानं आठवड्याभरात छापखान्यात जायची आहेत असंही लिहिलं होतं. घाई करणारा मेल संशयाचा, हे तर मी झोपेतसुद्धा सांगेन. पण घाई त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती. मी आत्याकडे गेले, चुलतभावाकडे गेले, आईला विचारलं. आईने फोटोसाठी ठेवणीतली साडी नेसली. आत्याने शिरा केला आणि मला दोनदा वाढला. "बघ, शेवटी त्याचं काम झालं," ती म्हणाली, आणि तिची जन्मतारीख सांगताना अशी सरळ बसली की जणू शाळेत हजेरी द्यायची आहे. सगळं भरून मी ते पाठवून दिलं. ग्रंथाची प्रत राखून ठेवायला थोडे पैसे भरायचे होते, ते माझ्या क्रेडिट कार्डावरून भरले.

चार-पाच दिवसांनी माझ्या कार्डावरून कुठेतरी मोठी खरेदी झाल्याचा मेसेज आला. मी लगेच कार्ड बंद केलं, बँकेत लेखी दिलं, यथावकाश ते पैसे परतही मिळाले. माझं काम मी चोख केलं. फक्त नंबर कुठून फुटला हा विचार करताना मी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग एका हॉटेलवर घेतला. त्या पानावर घेतला नाही. दुसरं काहीही मानायला मी तयार होते. तेव्हाच मानलं असतं, तर आत्याला एक फोन करायला मला वेळ होता.

आत्याने मला बोलावलं तेव्हा ती पलंगावर गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती आणि हातात बँकेचं पासबुक होतं. मंडळातून एका माणसाचा फोन आला होता. पुण्याकडचं बोलणं, अतिशय अदबशीर. तिला त्याने तिच्या लहानपणच्या, माहेरच्या नावाने हाक मारली. ज्येष्ठ सभासदांना प्रत मोफत आहे, तुमच्या भाचीने भरलेले पैसे तुमच्या कार्डावर परत करायचे आहेत, असं म्हणून त्याने कार्डाचा नंबर घेतला आणि मग फोनवर आलेला आकडाही विचारून घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे गेले.

"आत्या, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मी किती वेळा म्हटलं होतं तुला?" माझा आवाज चढला. ऑफिसातल्या माणसांशीही मी तशी बोलत नाही.

"परक्याला सांगू नको म्हणाली होतीस," आत्या म्हणाली. "तो परका कुठे होता? माझं घरातलं नाव माहीत होतं त्याला. ते नाव घेणारं आता कोण उरलंय सांग."

तेव्हा मला पेट्रोल पंपावरचा संशय सोडावा लागला. मी खाली बसले. "आत्या, ते नाव त्याला मी दिलं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मी मेल, पान, ती माहिती, सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती मला बाहेर काढेल. ती म्हणाली, "हात्तिच्या. मी इकडे विचार करतेय की हा थेट वरून चौकशी करून आला की काय." आणि हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तिला पाणी दिलं. मग ती म्हणाली, "पैसे तर गेलेच. पण पाऊण तास बोलत होता गं तो. आधी पैशांचं नावसुद्धा नाही काढलं. तुझ्या बाबाबद्दल विचारत होता. लहानपणी कसा होता, काय खायला आवडायचं, रागावला की काय करायचा. मी सांगत सुटले. तुझा बाबा लहानपणी रुसला की कोठीत जाऊन गूळ खात बसायचा, तेसुद्धा सांगितलं. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. तू पण नाही."

हे मला माहीत नव्हतं, बाबा, गुळाचं. एका चोराला ते माझ्याआधी कळलं.

मी आत्याला घेऊन बँकेत गेले, सायबर सेलमध्ये तक्रार केली. तिथल्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि माझ्या नोकरीच्या रकान्याशी आल्यावर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "आप तो ख़ुद यही काम करती हैं?" मी हो म्हटलं. तो मान खाली घालून पुढे लिहू लागला, रागावला असता तर बरं झालं असतं. थोडे पैसे परत मिळाले, बरेचसे नाहीत. उरलेले मी हळूहळू भरतेय. आत्या नको म्हणते, मी तिच्या उशीखाली ठेवून येते. ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं आहे. दरम्यान ती जिना बसून बसून उतरते, आणि मी बघतेय हे लक्षात आलं की म्हणते, "मजा येते गं, घसरगुंडीच आहे."

ज्यांची ज्यांची माहिती मी दिली त्या सगळ्यांच्या घरी जाऊन मला सांगायला लागलं, की असं असं झालं आहे, फोन आला तर बोलू नका, पासवर्ड बदला, खात्यावर लक्ष ठेवा. फोनवर सांगता आलं असतं. पण माहिती गोळा करायला मी घरोघर गेले होते, तेव्हा हेही तसंच करावं असं वाटलं. चुलतभावाने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाह दरोगा बाई, चोर को चाबी ख़ुद दे आईं?" त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मग तोच माझ्याबरोबर बसून रात्रीपर्यंत सगळ्यांची खाती तपासत होता. आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "माझा फोटोपण त्यांच्याकडेच राहणार का?" मी हो म्हटलं. "साडी चांगली होती, नशीब," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. तिने मला एकदाही बोल लावला नाही. त्यामुळे मी अजून तिच्यासमोर नीट बसू शकत नाही.

ऑफिसात मी पुढचा परीक्षेचा मेल पाठवायचा टाळते आहे. कसला पाठवू? लोक लालचेने फसतात, भीतीने फसतात, असं मी सांगत आले. त्या पानावर मला ना लालूच दिसली ना भीती. मला तिथे तुम्ही दिसलात, छापील, रेघेच्या टोकाला. त्या चोरांनी तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ओळखलं होतं असं नव्हे. त्यांनी मला ओळखलं होतं.

मागच्या महिन्यात आत्याने धोशा लावला, की आता खऱ्या मंडळाला फोन कर. "चोराला एवढं सांगितलं, आता खऱ्यांना पण सांगून टाक." मी टाळत होते. पण तिच्याकडे बघून नाही म्हणवेना. मेलमधला, इंटरनेटवरचा कुठलाच नंबर मी घेतला नाही. तुमच्या कपाटात मंडळाचे जुने छापील वार्षिक अंक होते, त्यातल्या एका पदाधिकाऱ्यांचा पत्ता घेतला, पुण्यातल्या आपल्या लांबच्या नातेवाइकांना त्या पत्त्यावर पाठवलं, आणि त्यांनी समोर बसून तिथूनच फोन लावून दिला. याहून जास्त खात्री मला करता आली नसती.

पलीकडे एक वृद्ध गृहस्थ होते. ऐकायला कमी येत असावं, मोठ्याने बोलत होते. "ग्वाल्हेर? अरे वा! तुमच्याकडून पत्रं यायची बरं का पूर्वी, पट्टीने रेघा मारलेली. तुमच्या वडिलांची का? फार सुबक. आमच्या माळ्यावर असतील, पण आता माळ्यावर चढणार कोण?" ते हसले, खोकले. नवी आवृत्ती काही निघत नाही म्हणाले, पैसे नाहीत, माणसं नाहीत. पण एक छोटी पुरवणी काढायचं त्यांच्या मनात आहे, राहिलेल्या शाखांची. "तुम्ही असं करा, आत्ताच सांगा मला. मी कागद घेऊनच बसलोय. हयात माणसांचं नंतर पाहू. आधी वडिलांचं सांगा, पूर्ण नाव आणि जन्मसाल."

आई बाहेर गेली होती. मी तुमच्या टेबलाशी उभी होते. मी तुमचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहीत होते, जसं तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवायचात. आणि जन्मसाल सांगायची वेळ आली. खरं सांगू नको, असं आतून कोणीतरी म्हणालं, तो माझाच ऑफिसातला आवाज होता. हे गृहस्थ खरे आहेत हे मला माहीत होतं. आमचे नातेवाईक त्यांच्या समोर बसून त्यांच्या घरचा चहा पीत होते, कपाचा आवाज येत होता. मेलेल्या माणसाचं जन्मसाल घेऊन कोणी काय करणार, हेही माहीत होतं. तरी मी एक वर्ष पुढचं सांगितलं. त्यांनी ते मोठ्याने म्हणून लिहून घेतलं, विचारलं, "बरोबर?" आणि मी म्हटलं, "बरोबर."

आत्याने आज विचारलं, सगळं नीट सांगितलंस ना? मी हो म्हटलं.

पुरवणी खरंच निघाली तर तुम्ही तिच्यात असाल, बाबा, आहात त्याहून एक वर्षाने धाकटे. फोन करून दुरुस्त करता येईल. ते गृहस्थ रोज संध्याकाळी घरी असतात असं त्यांनी आपणहून सांगितलं आहे. मी अजून केलेला नाही.